मँटिस श्रिंपचा आहार आणि अडकलेली कात

प्रश्न : माझ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत पीकॉक जातीचा मँटिस श्रिंप (कोळंबीसारखा दिसणारा शिकारी समुद्री प्राणी) आहे. त्याला मी सोललेली गोठवलेली कोळंबी देतो. मागच्या वेळी कात एका मारक पायावर अडकली आणि तो पाय गळून पडला. आता काही दिवसांपासून त्याने खाणे सोडले आहे आणि बीळ म्हणून ठेवलेल्या पाइपाचे तोंड खडी रचून बंद केले आहे. दुकानदाराने आयोडीनचे थेंब घालायला सांगितले आहे. त्याला बाहेर काढून पाहावे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : त्याला कृपया बाहेर काढू नका. बिळाचे तोंड बंद करणे आणि अन्न नाकारणे ही कात टाकण्याची वेळ जवळ आल्याची नेहमीची लक्षणे आहेत. जुन्या कवचाखाली तयार झालेले नवे कवच अगदी मऊ असल्यामुळे या वेळी ओढाताण केली, तर ते फाटते आणि प्राणी वाचत नाही. कात अडकण्याची कारणे बहुधा आधीच्या अनेक आठवड्यांत घडलेली असतात, म्हणून आज करण्यासारखे फार थोडे आहे. पुढच्या कातेसाठी मात्र पुष्कळ आहे.

सर्वांत आधी आहार बदलावा. ही जात निसर्गात शंखातील गोगलगायी, खेकडे आणि शिंपल्या हातोडीसारख्या मारक पायांनी फोडून खाते, म्हणजे तिला मांसाबरोबर शिकारीचे आतील अवयवही मिळतात. कात टाकण्यास चालना देणारे संप्रेरक कोलेस्टेरॉलपासून बनते आणि खेकडे-कोळंबीसारख्या कवचधारी प्राण्यांना कोलेस्टेरॉल स्वतःच्या शरीरात तयार करता येत नाही, ते अन्नातूनच यावे लागते. कोळंबीच्या मांसात कोलेस्टेरॉल भरपूर असते, त्यामुळे तुमच्या बाबतीत त्याची उणीव असेल असे वाटत नाही. पण डोके आणि साल काढलेले एकच मांस महिनोन्‌महिने दिल्यास इतर पोषक द्रव्यांची कमतरता राहते. बाजारात मिळणाऱ्या जिवंत तिसऱ्या (लहान शिंपल्या), लहान खेकडे आणि सालीसकट कोळंबी आलटून पालटून द्यावी. आठवड्यातून दोन-तीन वेळा दिलेले खाणे मोठ्या प्राण्याला पुरते. शहरालगतच्या खाडीतून स्वतः गोळा केलेले शिंपले मात्र टाळावेत, कारण त्यांत सांडपाण्यातील धातू साठलेले असू शकतात. त्यांपैकी तांबे या प्राण्यांना अत्यल्प प्रमाणातही घातक ठरते, म्हणून माशांच्या रोगांवरची तांबेयुक्त औषधे या टाकीत कधीही घालू नयेत.

शिंपल्या खाऊ घातल्या की कॅल्शियमचा प्रश्न मिटतो, हा समज बरोबर नाही. समुद्रातील कवचधारी प्राणी नवे कवच कठीण करण्यासाठी लागणारे बरेचसे कॅल्शियम पाण्यातूनच घेतात. म्हणून पाण्यातील कॅल्शियम दर लिटरला ४०० ते ४५० मिलिग्रॅम आणि खारटपणा दाखवणारे विशिष्ट गुरुत्व १.०२५च्या आसपास स्थिर ठेवावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाकीतले पाणी झपाट्याने उडते आणि क्षार वाढतात. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या गोड्या पाण्याने रोज थोडी थोडी घालावी. पाण्याचा काही भाग चांगल्या समुद्री मिठाच्या द्रावणाने नियमित बदलत असाल, तर आयोडीनची गरज नाही. ते मोजल्याशिवाय घातल्यास जास्त होऊन विषारी ठरते, त्यामुळे दुकानदाराचा हा सल्ला मानू नये.

कवचावर खड्डे किंवा काळपट, झिजलेले डाग आहेत का, हे दुरूनच पाहावे. कैदेतील पीकॉक मँटिस श्रिंपमध्ये कवचाचा जिवाणूजन्य रोग वारंवार दिसतो आणि रोगट जागी जुनी कात चिकटून बसते. प्रवाळांसाठीचे प्रखर दिवे या टाकीवर लावू नयेत, कारण अशा उजेडात हा रोग बळावतो असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. पाइप प्राण्याच्या लांबीपेक्षा बराच मोठा, आत अंधार राहील असा आणि दोन्ही टोकांना उघडा असावा. त्यात त्याला सहज वळता आले पाहिजे. अरुंद पाइपात पाय मोकळे करायला जागाच उरत नाही.

कात टाकल्यावर पोकळ, पारदर्शक डोळ्यांचे कवच दिसले, तर प्राणी मेला असे समजू नये. ते कवच काही दिवस तसेच राहू द्यावे, कारण तो ते बऱ्याचदा खातो. आठवडा-दोन आठवडे तो बाहेर येणार नाही. त्यानंतर आधी लांब चिमट्याने कोळंबीचा मऊ तुकडा द्यावा आणि मग अर्धवट उघडलेली तिसरी. गळलेला पाय या किंवा पुढच्या कातेबरोबर आधी लहान आकारात येईल आणि काही कातांनंतर पूर्ववत होईल. तोपर्यंत कठीण शंख त्याच्यापुढे टाकू नयेत.