रूट कॅनालमध्ये लेझर किंवा अल्ट्रासोनिकने दात खरंच जास्त स्वच्छ होतो का? नागपुरात त्यासाठी जादा पैसे द्यावेत का?

अल्ट्रासोनिकने, म्हणजे वेगाने कंप पावणाऱ्या टोकाच्या मशीनने, फरक पडतो, पण जंतू मारतं ते औषधच. मशीन ते कानाकोपऱ्यात पोचवतं. फाइल, म्हणजे नळी खरवडायची बारीक तार, दाताच्या मुळातल्या नळीच्या सगळ्या भिंतींना टेकतच नाही. म्हणून 2.5 ते 5.25 टक्के सोडियम हायपोक्लोराइट (हेच ते जंतू मारणारं औषध) भरून अल्ट्रासोनिक टोक 20-20 सेकंद तीनदा चालवतात. भिंतीवरचा भुसा काढायला 17 टक्के ईडीटीए हे द्रावण, साधारण एक मिनिट. औषध सोडायची सुई बाजूला छिद्र असलेली आणि नळीत सैल हवी. अडकवून जोरात दाबली तर औषध मुळाबाहेर जाऊन गाल भसकन सुजतो, असह्य दुखतं. लेझर नसला तरी चालेल, रबर डॅम (दाताभोवती लावायचा रबरी पडदा) मात्र मागाच. आणि आपल्याकडच्या मे महिन्यात हायपोक्लोराइटचा जोर लवकर उतरतो. बाटली थंड, अंधाऱ्या जागी ठेवता का, हे खुशाल विचारा.