टेक्सासला जाताना बंदुकीचा विचार: पांढरकवड्याच्या भावाला उत्तर

भाऊ,

तुमचा प्रश्न इतरांनाही समजावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात तुम्ही कापसावर काम केलं, आता टेक्सासात लबकजवळ संशोधनाची नोकरी लागली. व्हिसा एच-१बी, म्हणजे नोकरीचा तात्पुरता, सोबत वहिनी आणि सहा वर्षांची मुलगी. घर गावाबाहेर, वावराला लागून मिळतंय. वडिलांची बारा बोर बंदूक घरात आहे आणि माणसं मारणाऱ्या टी-१ वाघिणीच्या दिवसांत त्या बंदुकीचाच काय तो धीर होता. तिकडे दुकानात बंदूक मिळते म्हणतात, तर गेल्या गेल्या एक घेऊन ठेवावी का, असं तुम्ही विचारलंय.

घेऊ नका. मी मूळचा राळेगाव तालुक्यातला, आता लबकच्या दक्षिणेला कापसाच्याच पट्ट्यात राहतो, त्यामुळे दोन्हीकडच्या रात्री मला ठाऊक आहेत.

पहिली गोष्ट कायद्याची, आणि तिच्यात मतभेदाला जागाच नाही. टेक्सासात २०२१ च्या सप्टेंबरपासून २१ वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवाय कमरेला पिस्तूल लावून फिरता येतं. बंदुकीची सरकार दरबारी नोंद नाही, घरात ठेवायला परवाना नाही. हे ऐकून नवा माणूस समजतो की आपल्यालाही चालतं. पण तो झाला राज्याचा कायदा. त्याच्यावर संपूर्ण देशाचा कायदा आहे, आणि त्याच्या कलम ९२२ प्रमाणे एच-१बी, एल-१, एफ-१, जे-१ असल्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. वहिनी एच-४ वर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर येतील, त्यांनाही तेच लागू. २०२२ पासून याची कमाल शिक्षा १५ वर्षे आहे, आणि शिक्षेच्या आधी व्हिसा जातो. दुकानात फॉर्म भरताना नागरिकत्व आणि व्हिसाचा प्रश्न असतो, तिथे खोटं लिहिलं तर तो दुसरा गुन्हा. मित्राने स्वतःच्या नावावर घेऊन तुमच्या कपाटात ठेवली, तरी ती तुमच्या ताब्यात आहे असंच धरलं जातं.

एक सवलत आहे: शिकारीचा वैध परवाना हातात असेल तर तात्पुरत्या व्हिसावाल्याला ही बंदी लागू होत नाही. आणि इथेच आपल्यासारखा शेतकऱ्याचा पोरगा अडकू शकतो. या भागात रानडुकरांचा त्रास आपल्यासारखाच आहे, एका रात्रीत वावर नांगरल्यासारखं उकरून ठेवतात. आपल्याकडे डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, बाप त्यापायी चकरा मारून थकतो. इथे २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानडुक्कर मारायला शिकारीचा परवाना लागतच नाही. शेजारचा शेतकरी मोठ्या प्रेमाने म्हणेल, "चल रात्री, डुकरं मारू, लायसन्सची गरज नाही." त्याला नाही. तुम्हाला वाचवणारा कागद मात्र नेमका तोच परवाना आहे. तो नसताना त्याची रायफल पाच मिनिटं हातात धरली तरी तुम्ही कायद्याच्या चुकीच्या बाजूला. जायची हौस असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, परवाना काढा, मगच जा. नाहीतर गाडीत बसून टॉर्च धरा.

पुढे ग्रीन कार्ड आलं की ही बंदी उठते. आपल्या लोकांचा तो नंबर लवकर येत नाही, पण येईल तेव्हा प्रश्न कायद्याचा राहणार नाही, तुमच्या बुद्धीचा राहील. मी ग्रीन कार्डानंतरही घेतलेली नाही.

इथल्या लोकांची बाजू आधी नीट ऐका, कारण ती पोकळ नाही. घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा घटनादत्त हक्क आहे, असं त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरवलं. १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीचा तो अर्थ. माझ्या शेजारचे कापूसवाले आजोबा म्हणतात, शेरीफचा, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाचा, माणूस यायला वेळ लागतो, तोवर मी आणि म्हातारी दोघंच. एकट्या राहणाऱ्या बाईला बंदुकीने धीर येतो, हेही खरं आहे. त्यांच्या दोन पिढ्या बंदुकीसोबत वाढल्या, कशी उचलायची, कुठे ठेवायची हे त्यांच्या हाताला ठाऊक आहे. त्यांच्याशी वाद घालायला जाऊ नका, आणि त्यांना वेडेही समजू नका.

पण वडिलांच्या बारा बोरशी तुम्ही तुलना केली, तिथे मला अडवावंसं वाटतं. ती बंदूक कोणासाठी होती? रोही, डुकरं, आणि त्या वर्षांत वाघीण. २ नोव्हेंबर २०१८ ला ती मारली जाईपर्यंत तुमच्याकडे माणसं एकट्याने धुऱ्यावर जात नव्हती, जाळ पेटवून, डबे वाजवून जागल करत होती, हे मला माझ्या भावाकडून रोज कळायचं. जागलीला असताना पऱ्हाटीत सळसळ झाली की आपण आधी ओरडतो, "कोन हाय रे?" आणि निम्म्या वेळा उत्तर येतं, ते शेजारच्या वावरातल्या सालदाराचं. माणूस कोण आणि जनावर कोण, हे आधी कळायचं. टेक्सासातल्या घरातली पिस्तूल जनावरासाठी नाही. ती माणसावर चालवायची वस्तू आहे, रात्री, अर्धवट झोपेत, घरात दुसरं कोण उठलंय हे न कळता.

घरही आपल्यासारखं नाही. आपल्या जुन्या मातीच्या भिंतीत गोळी शिरली तर तिथेच राहील. इथलं घर लाकडी सांगाड्याचं, आतल्या भिंती म्हणजे दोन्हीकडून ठोकलेले जिप्समचे पातळ पत्रे आणि मधे पोकळी. पिस्तुलाची गोळी तसल्या दोन-तीन भिंती सहज पार करते. तुमच्या खोलीतून दाराकडे मारलेली गोळी मुलीच्या खोलीत जाऊ शकते. घर पाहायला जाल तेव्हा बोटाने भिंत वाजवून बघा, आवाजावरूनच कळेल.

आता जे लिहितो ते आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला लवकर समजेल. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसांना कोणा चोराने मारलं नाही, घरातल्याच बंदुकीशी त्यांची गाठ पडली. यवतमाळात वाढलेल्या माणसाला हातातल्या साधनाचं महत्त्व सांगावं लागत नाही. फवारणीचं औषध कोठ्यात उघडं पडलेलं असतं, आणि एका वाईट संध्याकाळी तेच हाताला लागतं. तो डबा कुलपात असता तर ती संध्याकाळ टळली असती, अशी घरं तुम्हाला माहीत आहेत, मलाही आहेत. औषध घेतलेल्या माणसाला निदान दवाखान्यात न्यायला वेळ मिळतो, काही वाचतात. बंदूक तो वेळ देत नाही. आणि परदेशातलं पहिलं वर्ष कठीण असतं. नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरी शोधा किंवा परत जा, अशी व्हिसाची टांगती तलवार असते. थंडीत सगळं करडं, बोलायला माणूस नाही. अशा घरात ती वस्तू नसलेली बरी. हे मी फक्त पुरुषाबद्दल म्हणत नाही, दिवसभर एकट्या राहणाऱ्या वहिनींबद्दलही म्हणतो.

घरातल्या बंदुकीने खून वाढतात की टळतात यावर इथे तीस-चाळीस वर्षं अभ्यासकांचं भांडण चालू आहे. १९९३ चा एक गाजलेला अभ्यास सांगतो की बंदूक असलेल्या घरात खुनाचा धोका जवळपास पावणेतीन पट. १९९५ चा दुसरा म्हणतो की वर्षाला २५ लाख वेळा लोक बंदुकीने स्वतःला वाचवतात. त्याच सुमाराच्या सरकारी पाहणीत हा आकडा लाखाच्या आसपास येतो. एवढं अंतर असेल तर दोन्ही बाजू आपल्या सोयीचा आकडा उचलणारच. आत्महत्येच्या बाबतीत मात्र अभ्यासांचा कौल एकीकडेच आहे, म्हणून मी त्यावर जास्त लिहिलं.

मुलीसाठी एक काम पहिल्याच महिन्यात करा. ती कोणाच्या घरी खेळायला जाणार असेल तर त्या आईबापाला विचारा: घरात बंदूक आहे का, कुलपात आहे का? आपल्याला हे विचारणं अपमानाचं वाटतं. इथे वाटत नाही, पुष्कळ आया विचारतात. टेक्सासात १७ वर्षांखालच्या पोराच्या हाताला भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं गुन्हा आहे, पण कायद्यावर विसंबून पोर पाठवू नये. तिला शिकवा: बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्या माणसाला सांगायचं.

दुसऱ्याच्या बंदुकीपासून जपायचं ते असं. आपल्या गावात माणूस अंगणात शिरतो, बाजेवर बसतो, मग हाक मारतो. ती सवय नागपूरलाच सोडून या. बेल वाजवा, चार पावलं मागे सरका, हात दिसू द्या. घराच्या मागच्या बाजूला कधीही जाऊ नका. पत्त्याचा आकडा दोनदा वाचा. १९९२ मध्ये लुइझियानातल्या बॅटन रूजला सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या पार्टीला निघाला आणि चुकीच्या घरी गेला. घरमालकाने थांब म्हटलेलं त्याला कळलं नाही. गोळी लागून तो मेला, आणि ज्युरीने मालकाला निर्दोष सोडलं. २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत सोळा वर्षांचा मुलगा धाकट्या भावांना आणायला गेला, चुकीच्या दाराची बेल वाजवली, दारातूनच गोळी आली. तो वाचला. टेक्सासचा कायदा तर रात्रीची चोरी रोखायलाही काही परिस्थितीत जीव घेण्याइतकं बळ वापरू देतो. त्यामुळे रात्री मांजर शोधत दुसऱ्याच्या कुंपणात शिरू नका. पोलिसाने गाडी थांबवली तर आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर, तो सांगेपर्यंत कागदासाठी डिक्कीत किंवा खणात हात घालू नका.

आता घर. चोराला इथे बहुतेक वेळा मारामारी नको असते, दिवसा रिकामं घर हवं असतं. पुढच्या दाराची चौकटीतली लोखंडी पट्टी काढून बघा, बहुतेक ठिकाणी पाऊण इंचाचे स्क्रू असतात आणि एका लाथेत चौकट फाटते. तिथे तीन इंचाचे स्क्रू पिळा, म्हणजे ते आतल्या जाड लाकडात जातात. दहा डॉलरचं काम, पण घरमालकाला विचारून करा. मागच्या सरकत्या काचेच्या दाराच्या खालच्या रुळात मापाची काठी आडवी टाका. आपल्या अडसराचंच काम ती करते. गॅरेजचं रिमोट गाडीत सोडू नका. बाहेर हालचालीवर लागणारा दिवा आणि कॅमेरा लावा. अलार्म बसवलात तर बऱ्याच शहरांत त्याची नोंद करावी लागते, खोटे अलार्म झाले की दंड लागतो.

आणि सोनं आणू नका. वहिनींना वाईट वाटेल, पण भारतीय घरात सोनं असतं हे इथल्या चोरांना ठाऊक आहे. आशियाई आणि भारतीय कुटुंबांची घरं हेरून लुटणाऱ्या एका टोळीने २०११ ते २०१४ या काळात टेक्सासासह कितीतरी राज्यांत घरात घुसून लोकांना बांधून लुटलं. टोळी चालवणाऱ्या बाईला २०१९ मध्ये ३७ वर्षांची शिक्षा झाली. मंगळसूत्र आणि रोजचं तेवढं आणा, बाकी बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, आणि दिवाळीचे फोटो घरी परतल्यावरच टाका. घराच्या विम्यात दागिन्यांच्या चोरीला बहुतेक वेळा हजार-दीड हजार डॉलरचीच मर्यादा असते, हे कागदात वाचून घ्या.

शेवटी वडिलांची बंदूक. तुम्ही गेल्यावर घरी दोघं म्हातारी, शेतसंरक्षणाची बारा बोर, आणि हंगामात कापूस विकल्याचे पैसे. परवाना वडिलांच्या नावावर आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो पाच वर्षांनी नवा करावा लागतो, निवडणुकीत पोलिसांनी सांगितलं तर बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. या चकरा कोण मारणार ते आत्ताच ठरवा. वडील जागलीला जात नसतील तर ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करून पावती घ्या, घरात ठेवण्यात आता अर्थ नाही. त्यांचं काही बरंवाईट झालं आणि तुम्ही लबकला असलात, तर परवाना नसलेल्या घरात बंदूक राहील आणि त्रास आईला होईल. त्यापेक्षा आत्ता पोलीस पाटलांशी आणि शेजारच्या दोन घरांशी बोलून ठेवा, आणि दारावर मोबाइलमध्ये दिसणारा कॅमेरा बसवून द्या.

प्रवासाला जी बॅग काढाल ती घरात जागलीला वापरली गेली असेल तर सगळे कप्पे उलटे करून झटका. अस्तराच्या आत राहिलेलं एक काडतूस नागपूरच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसलं, तर शस्त्र कायद्याचा गुन्हा तुमच्यावर नोंदला जाईल आणि विमान तुमच्याशिवाय जाईल. भाड्याचं घर पक्कं करायच्या आधी फोटो पाठवा, मागच्या दाराचा पण.

तुमचा,
राळेगावकडचा एक भाऊ