पट्टा एकट्या मावशींनी सोडला नाही

‘ताई, माझी मुलगी सव्वादोन वर्षांची. आम्ही पुण्यात, दोघंही नोकरी करतो. दीड वर्षापासून मावशी आमच्याकडे राहूनच तिला सांभाळतात. मागच्या आठवड्यात मला मीटिंग सोडता येईना, म्हणून तिला डॉक्टरकडे मावशी आणि ड्रायव्हरबरोबर पाठवलं. परत येताना ती फार रडली, तेव्हा मावशींनी तिला कारसीटमधून काढून मांडीवर घेतलं. रिक्षा आडवी आली, करकचून ब्रेक लागला आणि पुढच्या सीटवर आपटून तिचा ओठ फुटला. मला सांगितलं, “खेळताना पडली.” खरं दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरकडून कळलं. नवरा म्हणतो, आत्ताच्या आता काढून टाक. सासूबाई म्हणतात, आमची पोरं मांडीवरच वाढली. खरं सांगायचं तर रविवारी बाहेर जाताना ती रडली तर मीही घेते मांडीवर, पण पाच-दहा मिनिटांपुरतंच. चार दिवस मी मावशींशी धड बोललेले नाही. काय करू?’

तुझ्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ते लिहिलंस, लपवलं नाहीस, म्हणून पुढचं मोकळेपणानं बोलते.

मावशींनी नियम मोडला असं तुम्हाला वाटतंय. पण तुमच्या घरात तो नियम होता का? त्यांनी दीड वर्ष जे पाहिलं ते असं की पोर शांत असेल तोवर पट्टा, रडायला लागली की मांडी. त्या दिवशी त्यांनी तेच केलं. शिवाय मूल रडलं की तू चटकन घेतेस ते प्रेम, आणि त्यांच्याकडे रडलं की ‘मावशी, काय झालं हो?’ असं घरातून कोणीतरी विचारतंच. पोर रडत घरी पोचली तर आपल्यालाच बोल लागेल, ही भीती दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्या बाईला कायम असते.

मांडी सुरक्षित वाटते, कारण आपल्या हातांवर आपला विश्वास असतो. पण हिशोब बघ. ताशी ४० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी धडकून अर्ध्या मीटरात थांबली, तर १२ किलोच्या मुलीला धरून ठेवायला सुमारे दीडशे किलो वजन पेलण्याइतकी ताकद लागते, आणि तीही डोळ्याचं पातं लवायच्या आत. ते मावशींना जमणार नाही, तुला नाही, तिच्या बाबालाही नाही. मोठ्यांचा पट्टा दोघांभोवती घेतला तर आणखी वाईट, मोठ्या माणसाचा सगळा भार मुलावर येतो. सासूबाईंनाही हे एवढंच सांग, वाद घालू नकोस.

कायदाही वाचून बघ. २०१९च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १९४ ब आलं. १४ वर्षांखालचं मूल पट्टा किंवा कारसीटशिवाय नेलं तर १००० रुपये दंड, आणि तो गाडी चालवणाऱ्याला किंवा तशी चालवू देणाऱ्याला. मूल मांडीवर घेऊन बसणाऱ्या बाईचं त्यात नावही नाही. तेव्हा ड्रायव्हरदादांना आधी विचार, पट्टा सुटलेला दिसत असताना गाडी पुढे का नेली? यापुढे मागून ‘पट्टा लागला’ असं ऐकू आल्याशिवाय गाडी हलवायची नाही, ही जबाबदारी त्यांची.

मावशींना मी काढणार नाही. पण त्या खोटं बोलल्या हे मला पट्टा सोडण्यापेक्षाही जड वाटतं. यावेळी ओठ होता. डोक्याला मार लागला असता, रात्री मुलगी उलट्या करू लागली असती, तर डॉक्टरांना तू काय सांगितलं असतंस? खेळताना पडली? हे त्यांना स्पष्ट शब्दांत कळायलाच हवं.

दुपारी मुलगी झोपल्यावर दोघीच बसा. सासूबाई नकोत, ड्रायव्हर नको. आधी स्वतःचं सांग: ‘मावशी, मीही तिला मांडीवर घेत होते, ते चुकलं. आजपासून मीही घेणार नाही.’ मग म्हण, ‘पण तुम्ही मला खरं सांगितलं नाहीत, त्याचं मला फार लागलं. काहीही झालं, तुमच्या हातून झालं तरी, मला लगेच फोन करायचा. मी ओरडणार नाही. पण पुन्हा लपवलंत तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही.’ एवढं बोलून थांब, आणि त्यांचं ऐकून घे. पगार कापायचा विचारही करू नकोस.

त्यानंतर खाली गाडीपाशी जा. पट्टा खांद्याशी चिमटीत धरून बघायचा, घडी पडली तर तो सैल आहे, हे त्यांना करून दाखव आणि त्यांच्याकडून करून घे. रडली तर काय करायचं तेही ठरवा: गाडी कडेला घ्यायची, गाडी थांबली की मगच पोरीला काढायचं, शांत करायचं, पुन्हा बसवायचं. अर्धा तास उशीर झाला तरी चालेल, हे तुझ्या तोंडून त्यांना ऐकू दे.

आणि एक विचारायचं राहिलं. मागच्या सीटवर मावशी स्वतः पट्टा लावतात का? त्यांना लावा असं कोणी कधी म्हटलंय? पुष्कळ गाड्यांत मागच्या पट्ट्यांची कुलपं सीटकव्हरखाली दडपलेली असतात. तुमच्याही गाडीत तसं असेल, तर मावशींशी बोलायला बसण्याआधी खाली जाऊन त्यांच्या बाजूचं तेवढं वर काढून ठेव.