लाँचला घेऊ की थांबू? आधी जुन्या लॅपटॉपची जॉबशीट (सर्व्हिस सेंटरची जमापावती) बघा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. घर वेंगुर्ल्यात, समुद्र हाकेच्या अंतरावर. जानेवारीत जाहीर झालेला तो पातळ लॅपटॉप आणि ६५ इंची नवा टीव्ही, दोन्ही बाजारात येताच उचलायचा विचार. आणि शेवटी जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य: 'जुना लॅपटॉप वॉरंटीत असूनही सर्व्हिसवाल्यांनी करोजन (गंज) म्हणून परत केला.' आतापर्यंत आलेले सगळे प्रतिसाद पहिल्या भागावर आहेत, कुठली चिप बरी नि कुठला पॅनल भारी. माझ्या पोटात गोळा आला तो त्या शेवटच्या वाक्याने.

आधीच सांगतो, मी वकील नाही आणि हार्डवेअरवालाही नाही. देवगडात बसून पुण्यातल्या आर्किटेक्टना नकाशे काढून देतो, त्यामुळे लॅपटॉप बंद म्हणजे चूल बंद. पुढचं सगळं स्वतःच्या खिशातून शिकलेलं आहे, तेव्हा तुमच्या बाबतीत तसंच होईल असा दावा नाही.

२०२२ साली मीही तुमच्यासारखाच लाँचला पळालो होतो. जानेवारीत लास व्हेगासच्या प्रदर्शनात दाखवलेलं मॉडेल, आपल्याकडे जुलैत आलं, पहिल्याच आठवड्यात ९६ हजार मोजले. तीन वर्षं हप्ते नकोत म्हणून आंब्याचे पैसे घातले. बॉक्सवर मोठ्या अक्षरात 'ऑनसाईट वॉरंटी'. म्हणजे इंजिनिअर घरी येणार, असं मी समजलो. पुढच्या जूनमध्ये काम थंड होतं म्हणून लॅपटॉप जवळजवळ महिनाभर बॅगेत पडून राहिला. काढून बटण दाबलं तर शुकशुकाट. वॉरंटी संपायला दहा दिवस बाकी.

फोन केला. कस्टमर केअरने पिनकोड विचारला आणि सांगितलं, तुमच्या पिनकोडला ऑनसाईट लागू नाही, सेंटरवर आणून द्या. सेंटर घाटावर. पहाटेच्या एसटीने, लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन, फोंडा घाट चढून गेलो. बायको म्हणाली होती, तान्ह्या बाळाला पण तुम्ही एवढं जपून नेलं नव्हतं.

आता माझी चूक, जिच्यासाठी हे सगळं लिहितोय. काउंटरवरच्या पोराने मशीन उलटं-सुलटं पाहिलं, टॅबवर काहीतरी टाईप केलं आणि टॅब माझ्याकडे सरकवला. 'सर, इथे बोटाने सही करा, जमा करून घेतोय.' मागे रांग, मला दोनची परतीची गाडी गाठायची. काचेवर बोट फिरवलं. सही कसली, गांडुळासारखी रेघ. कागद मिळाला नाही, 'जॉबशीटची पीडीएफ मेलवर येईल' म्हणाला. पीडीएफ आली तेव्हा मी घाटात, रेंज नाही. रात्री घरी उघडली तर 'बाह्य स्थिती' या रकान्यात लिहिलेलं: पोर्टवर गंज, द्रव गेल्याची शक्यता, ग्राहकास कल्पना दिली. खाली माझी रेघ.

मला कसलीही कल्पना कोणी दिली नव्हती. पण आता ते कोणाला पटवणार?

नवव्या दिवशी फोन आला. लिक्विड डॅमेज, वॉरंटीत बसत नाही, मदरबोर्ड ५४ हजार. मी म्हटलं, अहो, या लॅपटॉपशेजारी मी चहाचा कपसुद्धा ठेवत नाही. 'सर, जॉबशीटवर तुमची सही आहे.' मेल केला, उत्तर तेच. आतले फोटो मागितले, तर कंपनीच्या धोरणात बसत नाही. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कहाणी, आणि शेवटी तीच पीडीएफ माझ्याच तोंडावर. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. ती त्यांनी रीतसर कंपनीकडे पाठवली, कंपनीने पीडीएफ जोडून उत्तर दिलं, विषय संपला. हेल्पलाईनला दोष देत नाही. ती मध्यस्थी करते, निकाल देत नाही. पाच आठवडे गेले, दोन कामं हातची गेली, आणि मशीन दुरुस्त न करता परत घ्यायला तपासणी फी ५९० रुपये भरली. त्या ५९०चा राग अजून उतरलेला नाही.

गंमत पुढे आहे. कणकवलीतल्या एका मोबाईल रिपेअरवाल्याने मागचं झाकण खोललं, चार्जिंग पोर्टजवळ हिरवट-पांढरी साय जमली होती ती आयसोप्रोपिल अल्कोहोल नि जुन्या टूथब्रशने साफ केली, बोर्ड सुकवला, आणि मशीन चालू. १८०० रुपये. माझ्या आतेने बघून विचारलं, 'ह्या मिठाच्या वाऱ्यात आमी सत्तर वर्सा काढलंव, ह्या तुझ्या यंत्राक एक वरीस काढूक जमला नाय?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. (सगळ्यांचं मशीन असं उठेल असं समजू नका. माझं नशीब. आणि वॉरंटी चालू असताना बाहेर कुठे खोललंत तर उरलीसुरली बाजूही जाते.)

हे होतं का? पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तेच. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आर्द्रता त्याच्या खाली येतच नाही म्हटलं तरी चालेल. पंख्याने आत ओढलेली खारट धूळ बोर्डावर बसलेली असते, ती ओली होते आणि तांबं खाते. मशीन रोज चालू असेल तर आतल्या ऊबेने कोरडं राहतं. बंद करून बॅगेत ठेवलं की संपलं. म्हणजे मी जपून ठेवला म्हणूनच तो गेला. पावसात रोज तासभर तरी चालू ठेवा. ठेवायचाच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसकट. लग्नाचे फोटो काढणारे कॅमेऱ्यासाठी ड्राय कॅबिनेट वापरतात, परवडलं तर उत्तमच. आमच्याकडे कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवतात बुरशी येऊ नये म्हणून, तोही चालतो. तांदळात पुरण्याचा सल्ला कोणी दिला तर ते तांदूळ त्यालाच शिजवून घाला.

तुमच्या जुन्या लॅपटॉपचं अजून करता येईल. २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे, आणि त्यात तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. कंपनी बेंगळुरूची असो की दिल्लीची, तुम्ही सिंधुदुर्गातच दाखल करायची. ऑनलाईनही होते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची, तेव्हा नकाराचा मेल कधीचा आहे ते आज बघा. मी आयोगात गेलो नाही. का, तर मशीन चालू झालं, मग गणपती आले, मग पुण्याची कामं आली, आणि राग थंड झाला. तो थंड व्हावा म्हणूनच ही मंडळी ताटकळत ठेवतात असं माझं मत आहे. सिद्ध करू शकत नाही.

एक बाजूची गोष्ट. बिल दुकानाच्या किंवा फर्मच्या जीएसटी नंबरवर घेतलं असेल तर समोरचा 'हा व्यावसायिक वापर, तुम्ही ग्राहकच नाही' असं म्हणू शकतो. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने त्यात धरत नाहीत, पण मग ते तुम्हाला दाखवत बसावं लागतं. इथे मात्र खरंच वकिलाला विचारा.

आणि पुढच्या वेळी मशीन कुठेही जमा कराल तेव्हा घरातून निघण्यापूर्वी व्हिडिओ काढा. सगळे पोर्ट जवळून, सिरीयल नंबरसकट. काउंटरवर रांग असू दे नाहीतर गाडी सुटू दे, रकाना वाचल्याशिवाय बोट लावू नका. 'द्रव सांडलेलं नाही, गंजाबद्दलचा शेरा मान्य नाही' हे त्यांच्याकडूनच टाईप करून घ्या. नाही म्हणाले तर तिथे उभ्या उभ्या त्यांना मेल करा, म्हणजे वेळेची नोंद राहते. पोरगं तोंड वाकडं करेल. करू दे.

आता तुमचा मूळ प्रश्न. नव्या लॅपटॉपवर लोक चार गोष्टी बोलतात: किती पातळ, एआयला किती टॉप्स (सेकंदाला किती लाख कोटी गणितं), बॅटरी किती तास, किंमत किती. टॉप्सचं म्हणाल तर मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये कोपायलट प्लस या एआय लॅपटॉपच्या शिक्क्यासाठी ४०ची अट घातली तेव्हापासून हा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. माझ्या नकाशांना त्याचा आजवर उपयोग झालेला नाही, तुमचं काम वेगळं असेल. बॅटरीचे तास बहुतेक वेळा कमी उजेडात व्हिडिओ चालवून काढलेले असतात, निम्मे धरा. मी बघतो ते वेगळंच: रॅम बोर्डाला सोल्डर केलेली आहे का, कारण मग एक पाय गंजला तरी अख्खा बोर्ड बदला म्हणतात. पातळ मॉडेलमध्ये ती बहुधा तशीच असते. पंखा नसलेलं मशीन मिळालं तर किनाऱ्यावर मला ते बरं वाटतं, कारण खारी हवा आत ओढली जात नाही. मॅकबुक एअरला २०२० पासून पंखा नाही. माझं कॅडचं जड काम त्यावर निभणार नाही, तुमचं ऑफिस-मेलचं असेल तर विचार करा. पोर्टांतून गंज तिथेही जाऊ शकतो, हे धरून चाला.

लेनोवोने २०२५च्या जानेवारीत १४ इंचाची स्क्रीन मोटरने सरकून १६.७ इंच होणारा लॅपटॉप दाखवला तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळे हरखले होते. मी एवढंच विचारलं, त्या रुळांत मीठ नि वाळू गेली की काय करायचं? मला ग्रुपवर खडूस म्हणतात.

टीव्हीला घाई अजिबात नको. २०१०च्या सुमारास थ्रीडीचा केवढा गाजावाजा होता. २०१७ पर्यंत एलजी आणि सोनीनेही ते टीव्ही बंद केले, आणि आमच्या शेजाऱ्यांकडचे चष्मे मुलांच्या खेळण्यांत गेले. जानेवारीत जाहीर झालेला टीव्ही दसरा-दिवाळीला स्वस्त होतो हा माझा अनुभव. ३२ इंचावरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८चा १८ टक्के झालाय, ते दुकानदाराच्या भावात दिसतंय का बघा. लॅपटॉपवर आधीपासून १८च होता, तेव्हा 'जीएसटीमुळे लॅपटॉप स्वस्त' असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका.

टीव्ही पश्चिमेच्या भिंतीला टांगू नका, ओल येते. आपल्या जांभ्या कातळात अर्थिंग नीट मिळत नाही, तर टीव्हीआधी वायरमनला बोलवून ते मोजून घ्या. वीज कडाडायला लागली की प्लग काढाच, पण डिशची केबलही काढा, माझ्या भावाचा टीव्ही त्या केबलमधून गेला. तौक्ते वादळानंतर लाईट आली तेव्हा आम्ही मेन स्विच तासभर खालीच ठेवला होता. स्टॅबिलायझर दुकानदार गळ्यात मारेल. हल्लीचे बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टवर चालतात, मागच्या स्टिकरवर बघा, आणि ते पैसे चांगल्या सर्ज प्रोटेक्टरला (विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा) घाला.

आणि दोन्ही वस्तूंसाठी, पैसे देण्याआधी कंपनीला मेल करून तुमचा पिनकोड कळवा नि विचारा, ऑनसाईट लागू आहे का, नसेल तर सेंटर कुठे. लेखी उत्तर येईपर्यंत कार्ड काढू नका. जास्तीची वॉरंटी घेणार असाल तर तिच्या अपवादांत 'करोजन' शब्द आहे का तो शोधा.

तुमच्या जॉबशीटवर 'बाह्य स्थिती'त नेमकं काय लिहिलंय, त्याचा फोटो नाव-नंबर झाकून इथे टाका. मी रात्री दहानंतर बघेन, दिवसा आमच्याकडे रेंज नसते.