गोळी नियमित चालू आहे, तरी वजन का उतरत नाही?

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातील एका गावात राहते. वय ४१, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. तीन वर्षांपूर्वी सततचा थकवा आणि चेहऱ्यावरची सूज यांमुळे तपासणी केली, तेव्हा टीएसएच (थायरॉईड मंदावला की रक्तात वाढणारे संप्रेरक) १८ आला आणि थायरॉईडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. आता टीएसएच ३.१ आहे, पण वाढलेले आठ किलो काही उतरत नाहीत. घरातले म्हणतात, तोंडावर ताबा ठेव. मी तर जेवते एकच वेळ. मोठ्या जाऊबाई म्हणतात, दोन गोळ्या घेतल्या तर वजन भराभर उतरेल. तसे करावे का? गोळी मी पहाटे चहाबरोबर घेते.
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, पहिले उत्तर अगदी स्पष्ट देते : दोन गोळ्या घेऊ नका. शरीरात जे संप्रेरक कमी तयार होते, त्याची तूट ही गोळी भरून काढते. ती वजन उतरवण्याची गोळी नाही. गरजेपेक्षा जास्त घेतली तर छातीत धडधड, हातांना कंप आणि झोपमोड सुरू होते, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि पाळी जाण्याच्या वयाकडे झुकलेल्या स्त्रीची हाडे ठिसूळ होतात. अशा वेळी काटा थोडा खाली आलाच, तर त्यात चरबीबरोबर स्नायूही झिजलेले असतात. अमेरिकेत तर या औषधाच्या माहितीपत्रकावरच, ते वजन घटवण्यासाठी वापरू नये, असा चौकटीतला इशारा छापावा लागतो.

आता त्या आठ किलोंविषयी. थायरॉईड मंदावल्यामुळे वाढणारे वजन साधारणपणे दोन ते साडेचार किलो असते आणि त्यातला बराचसा भाग शरीरात साठलेल्या मीठ-पाण्याचा असतो, जो उपचारानंतर हळूहळू निघून जातो. उरलेले वजन मात्र आजाराच्या काळात थकव्यामुळे मंदावलेली हालचाल, वाढते वय, अपुरी झोप आणि आहार या सर्वांनी मिळून जमा केलेले असते. टीएसएच ३.१ वर आला याचा अर्थ गोळीने तिचे काम केले आहे, आणि पुढचे काम थायरॉईडचा त्रास नसलेल्या कोणत्याही स्त्रीला करावे लागते तेच आहे. ते काम अवघड आहे, हे घरातल्यांनीही समजून घ्यावे. ज्या बाईचे अंग दिवसभर जड वाटत होते, तिला खादाड ठरवणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि हे उत्तर तुमच्या घरी मोठ्याने वाचून दाखवले तर मला आनंदच होईल.

गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो तासभर, चहासुद्धा घेऊ नये, कारण चहा-दुधाने ती आतड्यांतून नीट शोषली जात नाही. पहाटे उठल्याबरोबर गोळी घ्या, मग पाणी भरणे, अंगण झाडणे उरका; तोवर चहाची वेळ आपोआप होते. आरोग्य केंद्रातून मिळणारी लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि या गोळीत चार तासांचे अंतर ठेवा. उपवासाच्या दिवशीही गोळी चुकवू नका. मात्र एक लक्षात असू द्या : इतके दिवस चहाबरोबर घेऊन टीएसएच ३.१ आहे, म्हणजे सवय बदलल्यावर तीच मात्रा अधिक लागू पडू शकते, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवा.

एक वेळ जेवण्याने तुमचे भले होत नाही. दिवसभराच्या उपासाने स्नायूंना प्रथिने मिळत नाहीत आणि रात्री भूक अनावर होते. मधल्या वेळचे साखरेचे चहा, त्यांबरोबरची खारी आणि मुलांच्या ताटात उरलेले घास आपल्या हिशेबात सहसा येत नाहीत, म्हणून एक आठवडा ते सर्व वहीत लिहून पाहा. आपल्याकडे भाकरीला फार दोष दिला जातो, पण ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी ही अडचण नाही. अडचण तिच्याबरोबरच्या तेलाची आहे. एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे १२० कॅलरी, आणि शेवभाजीच्या तर्रीत किंवा दाणे घातलेल्या भरितात असे चमचे किती गेले हे आपण मोजत नाही. महिन्याला कुटुंबात किती तेल लागते ते आधी पाहा, मग त्यातले थोडे कमी करा. मूग, मठ, चवळी, ताक, चालत असेल तर अंडी, यांतले काही ना काही दोन्ही वेळच्या ताटात असू द्या. साबुदाण्याची खिचडी हलकी मानली जाते, पण दाणे आणि तुपामुळे ती तशी राहत नाही.

रोज अर्धा तास भरभर चालणे आणि आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे किंवा पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे, एवढ्याने सुरुवात करा, कारण गमावलेले स्नायू परत मिळवायचे आहेत. पहिले उद्दिष्ट वजनाच्या पाच टक्क्यांचे, म्हणजे तुमच्यासाठी साडेतीन किलोच्या आसपास, काही महिन्यांचे ठेवा. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी त्याच वेळी पाहा. एवढे करूनही वजन वाढतच राहिले, घोरणे किंवा पायांवर सूज दिसली, पाळी अनियमित झाली, तर थायरॉईडवर न थांबता पुन्हा तपासणी करून घ्या.

प्रश्न : आम्ही भुसावळला राहतो. माझ्या पत्नीला थायरॉईडची गोळी आहे. दर उन्हाळ्यात तिचा थकवा आणि वजन वाढते. कोबी, फुलकोबी आम्ही बंद केली आहे. आणखी काय बंद करावे?

उत्तर : कोबी सुरू करा. शिजवलेल्या कोबी-फुलकोबीने, रोजच्या प्रमाणात, काही बिघडत नाही. घरात आयोडीनयुक्त मीठ असू द्या. सैंधव मिठात सहसा पुरेसे आयोडीन नसते, म्हणून रोजच्या स्वयंपाकासाठी त्यावर अवलंबून राहू नका. आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या मात्र स्वतःहून घेऊ नयेत, त्यांनी काही वेळा आजार बळावतो.

उन्हाळ्यातल्या त्रासाची एक शक्यता मला तपासून पाहण्यासारखी वाटते. ही गोळी उष्णतेने आणि दमटपणाने निकामी होत जाते, आणि बाटलीवर सहसा २५ किंवा ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि तुमची बाटली गॅसच्या ओट्याजवळच्या फळीवर असेल तर तिथले तापमान त्याहूनही अधिक असते. बाटली घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीत, बंद कपाटात ठेवा, तिच्या मूळ झाकणासह. ती गाडीच्या डिकीत विसरू नका. उन्हाळ्यात तीन-चार महिन्यांचा साठा न आणता एकेक महिन्याचा आणा, आणि फ्रीजमध्ये ठेवावी का हे बाटलीवरची सूचना दाखवून औषध दुकानदारांना विचारा. त्याचबरोबर उन्हाळा ऐन भरात असताना एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, त्याच प्रयोगशाळेत टीएसएच करून दोन्ही आकडे डॉक्टरांपुढे ठेवा. मात्रा बदलायची की साठवण, हे त्यावरून त्यांना ठरवता येईल.