पाणी बदला, टाकी धुऊ नका

तुमची अडचण अशी दिसतेय: दोन फुटी नवी टाकी, चार छोटे गोल्डफिश. पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी दुधाळ झालं, आठवड्यात एक मासा गेला, आणि उरलेले तिघे वर येऊन तोंडाची उघडझाप करतायत. दुकानदार म्हणतो, सगळं पाणी काढा, खडी आणि फिल्टर नळाखाली धुवा, वर निळं औषध घाला. तुम्ही विचारताय की हे करावं, की मासे परत देऊन टाकावेत.

धुणं आणि निळं औषध, दोन्ही सध्या नको. आज संध्याकाळी फक्त निम्मं पाणी बदला. दोन फुटी टाकीत खडी सोडून साधारण 50 लिटर पाणी असतं, म्हणजे दीड बादली काढायची आणि तेवढंच नवीन घालायचं. नळाचं पाणी असेल तर त्यात आधी अँटी-क्लोरीनचे थेंब घाला. हाताला टाकीइतकंच कोमट-गार लागतंय ना, हे बघा आणि मग हळूहळू ओता. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. उद्या दिवसभर खाणं बंद. माशांना एका दिवसाचा उपास अजिबात बाधत नाही.

आता हे का ते सांगतो, कारण कारण कळलं की पुढचे चार-सहा आठवडे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

मासे अमोनिया बाहेर टाकतात, तोही बहुतेक कल्ल्यांतून. खाद्यातल्या प्रथिनांतून तो तयार होतो. डब्यावर प्रथिनं 40 टक्के लिहिली असतील, तर एक ग्रॅम दाण्यांत सुमारे 64 मिलिग्रॅम नायट्रोजन असतो. त्यातला निम्मा जरी अमोनिया होऊन बाहेर आला, तरी 50 लिटर पाण्यात अमोनियाचं प्रमाण लिटरला 0.75 मिलिग्रॅमच्या आसपास जातं. एक ग्रॅम दाणे म्हणजे मुलांच्या दोन-तीन चिमटी. घरातल्या प्रत्येकाने येता-जाता एकेक चिमूट टाकली की झालं.

जुन्या टाकीत हा अमोनिया साचत नाही, कारण तिथे तो खाणारे जिवाणू असतात. नायट्रोसोमोनास गटातले जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरा नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही विषारी. नायट्रेट त्या मानाने खूपच सौम्य, ते आठवड्याच्या पाणीबदलात निघून जातं. नव्या टाकीत हे जिवाणू जवळजवळ नसतातच. शिवाय ते फार सावकाश वाढतात, दुप्पट व्हायला त्यांना एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. हे जिवाणू पुरेसे वाढून अमोनिया पचवू लागले, की टाकी ‘सायकल’ झाली असं म्हणतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, चिकटून राहतात. फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवरच्या बुळबुळीत थरात. त्यामुळे निम्मं पाणी रोज बदललं तरी त्यांना धक्का लागत नाही, उलट विष तेवढं निम्मं होतं. पण स्पंज नळाखाली चोळून धुतलात की क्लोरीनने बरेचसे मरतात आणि आठवडाभराची वाढ वाया जाते. ‘पाणी बदललं तर सायकल लांबते’ असं ऐकाल. लांबली तर थोडी लांबते. मासा वाचण्यापुढे ते काहीच नाही.

पाणी दुधाळ झालं ते वेगळ्या जिवाणूंमुळे. उरलेलं खाद्य आणि घाण कुजवणारे हे जिवाणू भराभर वाढतात आणि पाण्यातच तरंगतात. दिसायला वाईट दिसतं, पण खाणं कमी केलं की ते आपोआप निवळतं. ते ऑक्सिजन मात्र खातात, म्हणून एअर पंप बंद करायचा नाही.

पाणी तपासायचं टेस्ट किट घ्याच. एका माशाच्या किमतीपेक्षा ते महाग वाटेल, पण त्याशिवाय हे सगळं अंदाजपंचे चालतं. थेंबांचं घ्या. पट्ट्यांच्या पाकिटांत बहुतेक वेळा अमोनियाची पट्टीच नसते, आणि तुम्हाला तर तीच हवी आहे. एपीआय कंपनीच्या किटमध्ये अमोनियासाठी 5 मिली पाण्यात पहिल्या बाटलीचे 8 थेंब, मग दुसरीचे 8, नळी नीट हलवायची आणि 5 मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर शून्य, हिरवट होत गेलं तर चढतोय. रंग दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर धरून बघा. पिवळ्या दिव्याखाली शून्य आणि 0.25 (हे आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये) मधला फरक कळत नाही, आणि नेमका तोच फरक इथे महत्त्वाचा.

रोज एकाच वेळी अमोनिया आणि नायट्राइट मोजा. दोन्ही मिळून 0.5 च्या खाली असेल तर काही करू नका, जिवाणूंनाही काहीतरी खायला लागतं. 0.5 किंवा वर गेलं की निम्मं पाणी बदला. एक पाणीबदल आकडा निम्म्यावर आणतो, म्हणून 2 दिसलं तर एकाने भागणार नाही, काही तासांनी दुसराही करावा लागेल. खाणं दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल एवढंच. सुरुवातीला अमोनिया चढेल, दोन-तीन आठवड्यांनी उतरू लागेल, आणि आपण सुटलो असं वाटेपर्यंत नायट्राइट चढेल. हा दुसरा टप्पा बऱ्याचदा जास्त रेंगाळतो आणि लोक नेमके तिथेच मोजणं सोडतात.

नायट्राइट माशाच्या रक्तातला ऑक्सिजन वाहण्याचा गुण मारतो. कल्ले लाल न दिसता तपकिरी दिसू लागतात आणि भरपूर हवा असूनही मासा धापा टाकतो. यावर घरातला उपाय म्हणजे मीठ. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांवर नायट्राइटला आत शिरू देत नाही. 10 लिटरला 1 ग्रॅम पुरे, म्हणजे तुमच्या टाकीला 5 ग्रॅम, सपाट एक लहान चमचा. भांड्यात विरघळवून घाला. मीठ उडून जात नाही, त्यामुळे पाणी बदलताना काढलेल्या पाण्यापुरतंच पुन्हा घालायचं. फिल्टरमध्ये झिओलाइटचे खडे असतील तर मीठ घालण्याआधी ते काढा, कारण मिठाच्या पाण्यात ते धरून ठेवलेला अमोनिया परत सोडतात.

पाणी कुठलं आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. अमोनियाचा खरा विषारी भाग पीएचप्रमाणे, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याप्रमाणे, बदलतो. 28 अंशाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला एक टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो, पीएच 8 असेल तर साडेसहा टक्के. म्हणून बोअरच्या जड पाण्यात तोच आकडा कितीतरी पटींनी जास्त घातक ठरतो. बोअरचं पाणी असेल तर 0.5 ची वाट बघू नका, 0.25 लाच बदला. ते पाणी आदल्या दिवशी बादलीत भरून त्यात एअर स्टोन सोडून ठेवलंत तर आणखी चांगलं, कारण जमिनीतून आलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो.

काही जण मायेपोटी स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी टाकीत भरतात. ते शुद्ध असतं खरं, पण त्यातले क्षारही गेलेले असतात. जिवाणूंना अमोनिया पचवताना ते क्षार लागतात. ते संपले की पीएच घसरतो आणि सायकल अर्ध्यात थांबते. निव्वळ आरओ वापरत असाल तर हळूहळू नळाच्या पाण्याकडे वळा, एकदम नाही.

निळं औषध, म्हणजे मेथिलीन ब्लू, बुरशीवर उपयोगी आहे. पण ते फिल्टरच्या जिवाणूंनाही मारू शकतं आणि तुमच्या माशांना बुरशी नाही, अमोनिया लागलाय. जिवाणूंच्या बाटल्यांबद्दल माझं मत असं की काही चालतात, काही चालत नाहीत. 1998 मध्ये संशोधक टिमथी होव्हानेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्राइट खाण्याचं काम नायट्रोबॅक्टर नव्हे तर नायट्रोस्पायरासारखे जिवाणू करतात हे दाखवलं. तरी नायट्रोबॅक्टरचं नाव लावलेल्या बाटल्या अजून विकल्या जातात. घातलीत तरी मोजणं थांबवू नका.

त्यापेक्षा ओळखीत कुणाकडे वर्षभर नीट चाललेली टाकी असेल, तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा. विरजण लावतो तसंच आहे हे. त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून आणा, वाटेत सुकू देऊ नका, आणि आल्या आल्या आपल्या फिल्टरमध्ये तुमच्या स्पंजला लागून ठेवा. सायकल बऱ्याचदा निम्म्या वेळात आटोपते. मात्र त्यांचे मासे निरोगी आहेत याची खात्री करा, पांढरे ठिपके असलेल्या टाकीतून काहीही आणू नका. सोबत मनी प्लांटची एक फांदी, मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशी लावा. वनस्पती अमोनिया थेट उचलतात.

तुमच्याकडे वीज तासन्‌तास जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा. जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो. बंद डब्याच्या फिल्टरमधलं पाणी बराच वेळ साचून राहिलं तर वीज आल्यावर आधी ते पाणी ओतून टाका.

मासे परत देण्याबद्दल. तिघांपैकी एक-दोन दुकानदार घेत असेल तर द्या, सायकल होईपर्यंत भार कमी होईल. गोल्डफिश काटक असतो पण घाण खूप करतो, आणि नीट जगला तर वीतभर होतो. तिघांना ही टाकी पुढे पुरणार नाही. मुलीला वाईट वाटेल हे समजतं, पण गेलेल्या माशाच्या जागी नवा मात्र आत्ता आणू नका. दाणे रोज घालत असतानाही अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य आणि नायट्रेट दिसतंय, असं झालं की मग बोलू.

किट आलं की तीन आकडे कळवा: टाकीतला अमोनिया, नायट्राइट आणि पीएच. आणि नळाच्या किंवा बोअरच्या ताज्या पाण्याचेही हेच तीन आकडे द्या, म्हणजे पाणी किती आणि कधी बदलायचं ते तुमच्या पाण्याप्रमाणे सांगता येईल.