पाचवा महिना, हिमोग्लोबिन 9.6, लोहाच्या गोळीने मळमळतं. गोळी बंद करू का?

नाही ताई, मनाने बंद करू नका. गरोदरपणात 11 च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात, आणि 9.6 नुसत्या पालक-बीटाने भरून येत नाही. मळमळत असेल तर रात्री जेवण झाल्यावर झोपताना घ्या. लोह थोडं कमी शोषलं जाईल, पण गोळी सुटण्यापेक्षा ते बरं. शौचाला काळी होते, त्याला घाबरू नका.

खरी गडबड चहाची. गोळी घेतली अन् वरून लगेच कपभर चहा, की बरंचसं लोह अंगी लागतच नाही. चहा, दूध, कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवा. सोबत लिंबूपाणी, नाहीतर आपलं संत्रं.

आणि एक, विदर्भात सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार, बराच आहे. तपासणी झाली नसेल तर नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा डागा रुग्णालयात विचारा. रक्त त्यामुळे कमी असेल तर लोह द्यायचं की नाही, हे डॉक्टर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) पाहून ठरवतात.

महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. 1 ने तरी वाढलं नाही, तर सलाईनमधून लोह देता येईल का ते डॉक्टरांना नक्की विचारा.